लेखी पूर्वसूचनेशिवाय

प्रिय सिस्टर,

अक्षर ओळखलं असशीलच. पाकिटावर माझं नाव मुद्दाम घातलं नाही, नाहीतर तू ते न फोडताच आवक रजिस्टरला नोंद करून उशाखाली सरकवलं असतंस. टाइप करणार होते, पण राग टाइप केला की तो नोटिशीसारखा दिसतो, आणि आपल्या दोघींमध्ये नोटीस एकच पुरे. तुझं मला आलेलं शेवटचं पत्र रजिस्टरनं आलं होतं, पोचपावतीसह. त्याला आता दोन वर्षं चार महिने झाले. जावक क्रमांक, विषय, संदर्भ, सगळं जागच्या जागी होतं. असायलाच हवं, तसं पत्र कसं लिहायचं ते तुला मीच शिकवलं होतं. पोस्टमनच्या कागदावर सही करताना मला वाटलं, दुखवट्याचं पत्र असेल. ह्यांना जाऊन तेव्हा पंधरवडाही झाला नव्हता.

तुझ्याशी पुन्हा कधी बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं आणि पाळलंही. भाजी घ्यायला मी दुसऱ्या गल्लीनं जाते. एकदा औषधाच्या दुकानात तू पाठमोरी दिसलीस तर मी औषध न घेताच परत आले आणि दोन दिवस खोकत बसले. तेव्हा आज लिहितेय ती काही मायेचा पाझर फुटला म्हणून नाही. एक काम आहे. ते शेवटी सांगेन, कारण आधी सांगितलं तर तू बाकीचं वाचणार नाहीस, आणि बाकीचं तू वाचावंस अशी माझी इच्छा आहे.

आठवतं का बघ. तू तेव्हा वॉर्डात रात्रंदिवस राबायचीस आणि मी कोर्टात टंकलेखिका होते. माझी आई तुझ्या वॉर्डात सात आठवडे होती. घरी सोडलं तेव्हा तिला उठवून बसवणारी खाट कुठून आणायची हा प्रश्न पडला, आणि तू दवाखान्याच्या मागच्या अडगळीतून मोडकी खाट शोधून फिटरदादाकडून दुरुस्त करून घेतलीस. आई गेल्यावर ती परत करायला आले तर तू म्हणालीस, परत कुणाला करतेस, पुढच्याला दे. तेवढ्यावरून आपलं रुग्णसाहित्य केंद्र उभं राहिलं. जिन्याखालची ती बोळकांडी, तिला दार बसवलं, आत चार खाटा, दोन चाकाच्या खुर्च्या, कुबड्यांचा एक जुडगा. सगळं गाव तुला सिस्टर म्हणायचं म्हणून मीही म्हणायला लागले, आणि तू मला कारकूनबाई. नोंदणीला सात माणसं लागतात असं कळल्यावर आपण शेजारीपाजारी फिरून माणसं गोळा केली होती, लग्नाला वऱ्हाड कमी पडल्यासारखी. हेडमास्तरांना अध्यक्ष केलं कारण ते कशालाच नाही म्हणत नसत. पहिल्याच सभेत ते झोपले आणि जाग आल्यावर त्यांनी विचारलं, सर्वानुमते ना? तेव्हापासून आपले सगळे ठराव सर्वानुमते.

नियम मी लिहिले. तू म्हणायचीस, एवढं कशाला, आपण काय भांडणार आहोत का? मी म्हणायचे, नियम भांडणासाठीच असतात, प्रेमात कोण उघडून बघतं. गणसंख्या चार ठेवली. सात जणांत चार यायला काय हरकत, असं वाटलं होतं. पण महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दहाच्या ठोक्याला कधी चार माणसं जमली असतील तर शपथ. मग सभा गणसंख्येअभावी तहकूब, आणि अर्ध्या तासानं त्याच जागी पुन्हा, तिला गणसंख्येची अट नाही. तेही मीच घातलं होतं. पुढेपुढे सगळ्यांना माहीतच झालं, दहाची सभा साडेदहालाच होते. तो मधला अर्धा तास मात्र आपला असायचा. तू थर्मासमधून चहा ओतायचीस, मी विषयपत्रिका उलटी करून तिच्यावर कपांच्या खुणा पाडायचे. कुणाच्या घरी खाट अडून बसली, कोणाचा म्हातारा बरा झाला, कोणाच्या पोरीनं कुबड्या लपवून ठेवल्या, सगळं त्या अर्ध्या तासात ठरायचं. साडेदहाला फक्त लिहून घ्यायचं. मला खरं विचारशील तर मी आयुष्यात बसले असेन तर त्या अर्ध्या तासातच बसले, बाकी उभीच.

आणि नियम क्रमांक अकरा. तो कोणासाठी केला हे तुला आठवतच असेल. आपले उपाध्यक्ष, डॉक्टर. फलकावर त्यांचं नाव सर्वांत मोठ्या अक्षरात आणि खुर्ची कायम रिकामी. तुझं डोकं फिरलं होतं, त्यांच्या जागी काम करणारं माणूस हवं म्हणून. मग मी लिहिलं: जो कार्यकारिणी सदस्य लागोपाठ तीन मासिक सभांना पूर्वसूचनेशिवाय गैरहजर राहील, त्याचे सदस्यत्व आपोआप संपुष्टात येईल. तू म्हणालीस, ते म्हणतील मी फोन केला होता. तेव्हा मी पूर्वसूचनेच्या आधी एक शब्द घुसवला, लेखी. तो शब्द सुचल्यावर मी इतकी खूश झाले होते की चहा सांडला. तू हसत हसत म्हणाली होतीस, आता मेलो तरी आधी अर्ज करावा लागणार. सहा महिन्यांत डॉक्टर आपोआप गेले. त्यांच्या जागी विमा कंपनीतून निवृत्त झालेले आपले हरकतराव आले. दर वाक्याला माझी हरकत आहे म्हणतात, म्हणून ते नाव मीच ठेवलं होतं, त्यांना अजून माहीत नाही. असो.

इकडचं म्हणशील तर ठीक आहे. थोरली लेक सारखी मागे लागलेली असते, एकटी राहू नकोस, माझ्याकडे ये. मी तिला सांगते, तुझ्याकडे मला खुर्ची कुठे असेल ते आधी ठरव. गुडघे कुरकुरतात. ह्यांच्या कंडक्टरच्या नोकरीतली कातडी पिशवी अजून खुंटीला आहे. तिच्यात आता मी विजेची बिलं ठेवते.

ह्यांचं दुखणं सुरू झालं ती मार्चची सुरुवात होती. दवाखान्यात तीन महिने सांगितले आणि ह्यांनी आयुष्यात पहिल्यांदा वेळापत्रक पाळलं. चार नंबरची खाट तूच पाठवलीस, फिटरदादा आणि त्याचा भाऊ जिन्यावरून वर घेऊन आले, तू मागून सूचना देत होतीस. खाट लावून झाल्यावर तू दारात चपला घालत होतीस तेव्हा मी म्हटलं, सिस्टर, आता काही दिवस मला सभांना येता यायचं नाही, अर्ज लिहून देते, थांब जरा. मी कागद आणायला वळलेसुद्धा होते. तू माझा दंड धरलास आणि म्हणालीस, "लिहून कसला देतेस? मी आहे ना." ते तीन शब्द मी इतक्या वेळा मनात उगाळलेत की त्यांचा आता नुसता चुरा उरलाय. तेव्हा मात्र मला ते ऐकून रडू आलं होतं. किती बरं वाटलं म्हणून सांगू.

दर बुधवारी तू यायचीस. ह्यांना कुशीवर वळवायचीस, पाठ पुसायचीस, त्यांना न उठवता चादर बदलायचीस. मला ते कधीच जमलं नाही. हे नाकारायला मी काही इतकी कृतघ्न नाही. पण म्हणूनच जास्त लागतं, सिस्टर. मी कुठे आहे हे साऱ्या जगात एका माणसाला नक्की माहीत होतं, आणि तेच माणूस रविवारी जाऊन वहीत माझ्या नावापुढे लिहीत होतं, गैरहजर, लेखी पूर्वसूचना नाही. दुसऱ्या महिन्यात ह्यांनी मला विचारलं होतं, आज दुसरा रविवार ना, सभा असेल, अर्ज दिलास का. मी म्हटलं, सिस्टरला तोंडी सांगितलंय. त्या अवस्थेतही त्यांना हसू आलं. म्हणाले, "तू? तोंडी?"

तुझं रजिस्टर पत्र आलं तेव्हा मी ते चारदा वाचलं. कार्यकारिणीवरून मी आपोआप कमी झाले होते, साधी सभासद मात्र उरले होते, आणि साध्या सभासदाला इतिवृत्त पाहण्याचा हक्क असतो. तोही माझाच नियम, सव्वीस. मी लेखी अर्ज केला, बरं का. शहाणपण आलं होतं. तू त्या दिवशी नव्हतीस, फिटरदादानं कपाट उघडून वही काढून दिली आणि स्वतः बाहेर जाऊन उभा राहिला. त्याला बिचाऱ्याला माहीत असावं आत काय आहे.

ह्यांना जाऊन पाच दिवस झाले होते तेव्हाची ती सभा. हजर तिघं. हेडमास्तर, हरकतराव आणि तू. दहाला तहकूब, साडेदहाला सुरू. विषय पहिला, दुखवटा. आपल्या संस्थापक सदस्या यांच्या पतीच्या दुःखद निधनाबद्दल ही सभा तीव्र शोक व्यक्त करते, सदस्यांनी दोन मिनिटे उभे राहून श्रद्धांजली वाहिली. सूचक तू, अनुमोदक हरकतराव. सर्वानुमते. विषय चौथा, नियम अकरा अन्वये सदर सदस्या यांचे कार्यकारिणी सदस्यत्व संपुष्टात आल्याबाबत. सूचक हरकतराव. अनुमोदक तू. सर्वानुमते. एकाच पानावर, एकाच शाईत, तुझ्या त्या सुंदर अक्षरात. वर मी संस्थापक आणि खाली मी सदर. दोन मिनिटं उभे राहिलात, बसलात, आणि मला काढलंत. मधल्या अर्ध्या तासात चहा झाला असेलच.

मी कारकून आहे, मला त्यातली मेख कळली. जे आपोआप होतं त्याला ठराव लागत नाही, सिस्टर. नुसती नोंद पुरते. हरकतरावांना पक्कं करून हवं होतं म्हणून त्यांनी ठराव मांडला. अध्यक्ष अनुमोदन देत नाहीत. म्हणजे खोलीत अनुमोदन देऊ शकेल असं माणूस एकच होतं. तू गप्प बसली असतीस तरी ठराव पडला असता. तुला माझ्या बाजूनं बोलायचीही गरज नव्हती, नुसतं थर्मासचं झाकण लावत बसायचं होतं. तू हात वर केलास.

का केलास, यावर मी फार विचार केला. रिकामा वेळ पुष्कळ होता. पाचवा विषय वाचल्यावर थोडं कळलं. शिफारसपत्र. खाट हवी तर कार्यकारिणीच्या सदस्याची शिफारस आणा, हा हरकतरावांचा ठराव मी दोनदा पाडला होता. माझं म्हणणं एवढंच होतं की ज्याच्या घरी माणूस आडवा पडलाय त्याला आधी ओळखीचं माणूस शोधायला लावू नका. तुला वस्तू मोडून परत यायच्या त्याचा वीट आला होता, तू त्यांच्या बाजूला झुकत चालली होतीस, आणि आपण त्यावरून दोनतीनदा कडाक्याचं बोललोही होतो. मी गेले आणि पाचवा विषय दहा मिनिटांत मंजूर झाला. मला त्या मताचं काही नव्हतं. पडले असते, हरले असते, घरी येऊन तुला शिव्या घातल्या असत्या आणि पुढच्या सभेला पुन्हा चहाला आले असते. पण तू माझ्याशी भांडायचं टाळलंस. मी अंथरुणाशी बसलेय तोवर उरकून घेतलंस. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच असावं.

मी अपील लिहिलं होतं. सहा पानी, मुद्देसूद, नियमांच्या आकड्यांसह. सर्वसाधारण सभेपुढे ठेवलं असतं तर हरकतरावांच्या तोंडचं पाणी पळालं असतं. ते मी दिलं नाही. तुला वाटलं असेल, दमली, खचली. दमले होतेच. पण कारण दुसरं होतं, आणि ते मी आजवर कुणाला, ह्यांनासुद्धा, सांगितलेलं नाही.

नियम अकरा केला त्या दिवसांत आपल्या उपाध्यक्ष डॉक्टरांचा फोन आला होता, सिस्टर. तो मीच घेतला होता, तू वॉर्डात होतीस. ते म्हणाले, बायकोचं मन ठिकाणावर नाही, तिला एक क्षण एकटं सोडता येत नाही, काही महिने जमणार नाही, तेवढं सभेत सांगा. आवाज अगदी खाली गेला होता. मी बरं म्हटलं. आणि सांगितलं नाही. मला वाटलं, बहाणा आहे, मोठी माणसं असंच करतात. शिवाय तोवर तो 'लेखी' शब्द माझ्या डोक्यात आला होता आणि मला तो फार आवडला होता. नंतर कळलं की बायको खरंच तशी होती, वर्षभरानं गेली. आपण दुखवट्याचा ठरावही केला नाही, कारण ते तेव्हा सदस्य नव्हते. सहा पानं लिहून झाल्यावर मी खाली सही करायला गेले आणि मला तो आवाज ऐकू आला. पेन खाली ठेवलं. तुला माफ केलं असा याचा अर्थ घेऊ नकोस. मला फक्त वरच्या आवाजात बोलायचा हक्क उरला नाही, इतकंच.

आता काम. काल फिटरदादा आला होता, माझ्या नळाचं निमित्त करून. नळ धडधाकट आहे. त्यानं सांगितलं, तू न्हाणीघरात पडलीस, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, दोन महिने पडून आहेस. घरी आणल्यावर तीन दिवस तू जमिनीवर गादी घालून काढलेस, कारण खाटेला दुसऱ्या सदस्याचं शिफारसपत्र हवं होतं आणि हेडमास्तरांना आता ऐकूच येत नाही. शेवटी हरकतरावांनी सही दिली. चार नंबरची खाट आलीय ना? तिचा मागचा दांडा अडतो, आधी अर्धा फेरा उलटा फिरवायचा आणि मग सुलटा, म्हणजे पाठ न दचकता वर येते. सोबतीला आलेल्या भाचीला दाखव. डाव्या कठड्याचा रंग एका जागी गेलाय. तिथे ह्यांचा हात असायचा.

फिटरदादा म्हणाला, दोन सभा झाल्या आणि तू दोन्हींना नव्हतीस. तिसरी परवा, रविवारी. हरकतराव तुझ्या भाचीकडे केंद्राची किल्ली मागून गेलेत आणि नवा चिटणीस कोण यावर आतापासूनच बोलतायत. तू त्यांना तोंडी कळवलंयस आणि ते म्हणाले, काळजी करू नका, आम्ही आहोत ना. शिवाय पूर्वसूचना चिटणिसांकडे द्यायची असते आणि चिटणीस तूच, म्हणून अर्ज करायचं तुझ्या डोक्यातही आलं नसेल. चिटणीसच आजारी पडली तर काय, हे नियम लिहिताना माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. तेव्हा सोबत अर्ज टाइप करून पाठवतेय, तीन प्रतींत, अध्यक्षांच्या नावे, रजेचं कारण आणि वैद्यकीय दाखल्याचा उल्लेख घालून. दाखला भाची जोडील. दोन ठिकाणी सही कर, एकदा अर्जदार म्हणून आणि एकदा चिटणीस या नात्यानं, अर्ज मिळाला म्हणून, तारीख आणि वेळ घालून. फिटरदादा दाराशी थांबलाय, तो एक प्रत आजच हेडमास्तरांच्या हातात देईल आणि त्यांची सही घेईल. दुसरी तुझ्याकडे ठेव, उशाशी. मी येणार नाही, आणि मी आहे ना असंही म्हणणार नाही. तिसरी प्रत मात्र फिटरदादाबरोबर मला परत पाठव. या वेळी एक कागद माझ्याकडे असू दे.

तुझीच,
आपोआप कमी झालेली
कारकूनबाई